फार्मसीच्या आधी दगड

मुलांनो, हे तुमच्या आईकडून वाचून घेऊ नका. ती मधलं मधलं गाळेल, आणि जे गाळेल तेच नेमकं वाचण्यासारखं असेल. अक्षरं जुळवत, सावकाश, स्वतः वाचा. अडलात तर मला व्हिडिओ कॉल करा, पण आई खोलीत नसताना.

गेल्या रविवारी तुमच्यातल्या मोठीने मला विचारलं, "आजी, आईनी फार्मसीच्या आधी तीन वर्ष दगड का शिकली? इंग्लंडमध्ये कंपल्सरी होता का?" मी उत्तर देणार तेवढ्यात तुमची आई मागून म्हणाली, "हो, तेव्हा तसंच होतं."

तेव्हा तसं नव्हतं. कधीच नव्हतं. तुमची आई एका मोठ्या हॉस्पिटलात औषधांची जबाबदारी सांभाळते, लोक तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि ती स्वतःच्या मुलांना बिनदिक्कत थापा मारते. मी नीटनेटकी बाई आहे. माझ्या घरात मसाल्याच्या बरण्यांवर नावं असतात आणि मोजे जोडीनेच कपाटात जातात. ही गोष्टही जागच्या जागी असलेली बरी.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती. आम्ही हॅरोला राहत होतो. आजोबांच्या पुण्यातल्या कंपनीने त्यांना लंडनच्या एका बँकेच्या कामावर पाठवलं होतं. सकाळी ते मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीने सिटीत जात आणि संध्याकाळी त्याच लाइनला नावं ठेवत घरी येत. तिथे गेलो तेव्हा तुमची आई चौदा वर्षांची होती. पुण्यात ती इतकं बोलायची की शेजारच्या काकू तिला रेडिओ म्हणायच्या. हॅरोला आल्यावर रेडिओ बंद पडला. शाळा कशी होती? "फाइन." जेवायला काय करू? "एनीथिंग." कुणी त्रास देतं का शाळेत? "नो." दार लावून घ्यायची, आणि आम्ही दोघं खाली बसून एकमेकांकडे बघायचो.

फार्मसी करायचं मात्र तिने स्वतःच ठरवलं होतं. केमिस्ट्री तिला मनापासून आवडायची. एके दिवशी जेवताना म्हणाली, "मी फार्मसिस्ट होणार," आणि भात वाढून घेतला. एकुलत्या एका मुलीचं आयुष्य एका वाक्यात मार्गी लागलं म्हणून आजोबा आठवडाभर शीळ घालत फिरत होते.

मग ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीच्या, पहिल्या वर्षी तिच्या भूगोलाच्या वर्गाची सहल डॉर्सेटच्या किनाऱ्यावर गेली. परत आली ती कोटाचे दोन्ही खिसे लोंबकळत. टेबलावर तिने दगड ओतले. एकात शंखासारखं वेटोळं होतं.

"बाबा, हा अमोनाइट. समुद्रात राहायचा हा. डायनोसॉर होते तेव्हा. आता नुसता ठसा उरलाय. आणि बघा ना, आपल्या देवघरात शाळिग्राम आहे ना, तो पण अमोनाइटच आहे!"

"तो देव आहे," आजोबा म्हणाले.

"हो, पण आधी तो गोगलगायीसारखा—"

"पोळी घे."

ती पोळी घेत घेत बोलत राहिली. कुठला थर कशावर बसतो, किनारा का ढासळतो, सर कसे चिखलात घसरून पडले आणि पडल्या पडल्यासुद्धा कसे एका दगडाकडे बोट दाखवत होते. ताटातली आमटी गार झाली तरी तिचं बोलणं चालूच. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या काही लक्षात आलेलं दिसत नव्हतं. माझ्या मात्र आलं होतं. रेडिओ लागला होता.

पुढच्या काही आठवड्यांत तिच्या खिडकीची कड दगडांनी भरली. वॉशिंग मशीनमधून खडखडाट आला की मी मशीन थांबवायची आणि जीन्सचा खिसा रिकामा करायची. शेवटी एका जेवणाला तिने हळूच विषय काढला, की जिऑलॉजीची डिग्री असते, तीन वर्षांची.

"छंद म्हणून ठीक आहे," आजोबा म्हणाले. "पण दगड शिकून करणार काय? रस्त्यावर खडी टाकणार?"

त्यांना तो विनोद वाटला. ती उठली आणि वर गेली. नंतर माझ्याबरोबर भांडी पुसताना म्हणाली, "आई, मला फार्मसी करायचीच आहे गं. खरंच. पण एकदा ती सुरू झाली की मग नोकरी, मग सगळं तेच. मला आधी हे करायचंय. तीन वर्षं फक्त हे. नंतर मला कोण देणार आहे तीन वर्षं?"

मी तिला दुसरं कोरडं फडकं दिलं.

आता आत्याआजी. तुम्ही त्यांना फक्त फोटोत पाहिलंय, मोठा गॉगल लावलेल्या. आजोबांच्या थोरल्या बहीण. दोघांची आई लवकर गेली तेव्हा त्यांनीच आजोबांना वाढवलं. त्यांनीच त्यांना इंजिनिअरिंगला घातलं, त्यांनीच पहिली नोकरी घ्यायला लावली, आणि लग्नासाठी मलाही त्यांनीच पसंत केलं. त्यामुळे त्यांच्या निवडीला नावं ठेवणं मला सोयीचं नाही. लग्न होऊन त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथून दर रविवारी फोन करत. फोन आला की आजोबा हातातला चहा खाली ठेवत आणि उभे राहून बोलत. मी एकदा म्हटलं, "अहो, ताईंना दिसत नाहीये तुम्ही बसलात ते." तर म्हणाले, "मला दिसतंय ना."

त्या रविवारी फोन स्पीकरवर होता.

"फार्मसी ना? उत्तम," आत्याआजी म्हणाल्या. "मग मेजर कुठला ठरवलास तिचा?"

"मेजर?"

"अरे, असा कसा तू? फार्मसी स्कूलला एकदम घेतात का कुठे? आधी कॉलेज करायचं, त्यात एक मेजर, म्हणजे मुख्य विषय, घ्यायचा, आणि मग अप्लाय करायचं. आमच्या देवळात येतात त्या बाईंची मुलगी आत्ताच त्यातून गेली."

"ताई, पण हे इंग्लंड आहे."

"मग? इंग्लंडचेच लोक इकडे आले ना? त्यांनीच काढली की कॉलेजं."

आजोबांनी मान डोलावली. बँकेतल्या कॉम्प्युटरमधली बारीकशी चूक शोधून काढणारा माणूस, पण ताई म्हणाली की संपलं. शिवाय पुण्यात वाढलेल्या आमच्या पिढीची एक समजूत होती: परदेश सगळा एकच. ताई पंचवीसेक वर्षं परदेशात होती, आम्हाला जेमतेम तीन झाली होती. कुणाला जास्त माहीत असणार?

दुसऱ्या दिवसापासून आजोबा मेजर निवडायला बसले. बायॉलॉजी की केमिस्ट्री की बायोकेमिस्ट्री? रोज जेवताना तीच चर्चा. तुमची आई ऐकत होती आणि पोळीचे अगदी छोटे छोटे तुकडे करत होती.

त्याच महिन्यात शाळेत पेरेंट्स ईव्हनिंग होती. आजोबा येणार होते, पण कुठेतरी सिग्नल बिघडला आणि ते फिंचली रोड स्टेशनात अडकले. मी आणि तुमची आई तिच्या केमिस्ट्रीच्या बाईंसमोर बसलो. पहिली डिग्री कुठली घ्यावी, असं मी त्यांना माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, व्यवस्थित विचारलं.

बाईंना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. त्या प्रेमाने हसल्या. म्हणाल्या, इथे तसं काही नसतं. ए-लेव्हल झाली की थेट फार्मसीला अर्ज करायचा. केमिस्ट्री लागते, ती आहेच. आधी दुसरी डिग्री घेतली तर चालते, पण घेतं कोण?

मी आभार मानले. आम्ही बाहेर पडलो. स्टेशन रोडच्या दिव्यांखालून दोघी चाललो होतो.

"आई," ती म्हणाली, "तू बाबांना सांगणार?"

"त्यांनी विचारलं तर सांगेन."

"ते कशाला विचारतील? त्यांना आत्याने सांगितलंय."

"मग प्रश्नच मिटला."

ती चालता चालता थांबली. "आई! तू खोटं बोलणार?"

"मी कशाला खोटं बोलू? मी बोलणारच नाही."

ती इतकी हसली की बसस्टॉपवरची एक म्हातारी बाई मागे वळून बघायला लागली.

घरी आजोबांनी विचारलं, "काय म्हणाल्या टीचर?" मी म्हटलं, "हुशार आहे म्हणाल्या. केमिस्ट्री उत्तम आहे म्हणाल्या." यातला शब्दन् शब्द खरा होता.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा तुमची आई अभ्यास सोडून खाली आली आणि आजोबांच्या शेजारी उभी राहिली.

"आत्या, मेजर कुठलाही चालतो का?"

"कुठलाही, बाळा. लागणारे चार विषय केलेले असले की झालं. इथे तर तत्त्वज्ञान करून आलेली मुलंसुद्धा आहेत."

"काहीही म्हणजे काहीही?"

"सांगतेय ना, काहीही."

"जिऑलॉजी?"

अटलांटिक महासागर शांत झाला. आजोबांनी फोनकडे आशेने पाहिलं.

"जिऑलॉजी," आत्याआजी म्हणाल्या. "सायन्सच ना ते?"

"हो, आत्या."

"मग चालेल की! उलट उठून दिसेल. सगळी पोरं बायॉलॉजी घेऊन येतात, कंटाळतात ते लोक वाचून वाचून. चांगलं डोकं चालवलंस. बाबा काय म्हणतो?"

बाबा उभा होता. "तू म्हणशील तसं, ताई."

मी स्वयंपाकघरात जाऊन कुकरची शिट्टी विनाकारण धुतली.

काम झालं असं तुम्हाला वाटेल. पण अर्ज जायचे होते शरद ऋतूत, आणि मधे अख्खा उन्हाळा होता. आजोबांना खरं सांगू शकेल असा एक माणूस आमच्या घरापासून अगदी जवळ राहत होता. कोपऱ्यावरचे केमिस्ट. गुजराती गृहस्थ, नैरोबीहून आलेले, अतिशय सज्जन आणि अतिशय बोलके. दुकानात गेलं की औषधाबरोबर घरची सगळी बातमी मिळायची. त्यांच्या धाकट्या मुलाला नुकताच शाळेतून थेट फार्मसीला प्रवेश मिळाला होता, आणि ही बातमी ते खोकल्याच्या औषधासाठी आलेल्या प्रत्येकाला सांगत.

आजोबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिथूनच यायच्या. तोपर्यंत शनिवारी फिरायला जाताना ते स्वतः आणत. मी एकदम पतिव्रता झाले. "तुम्ही कशाला जाता? आठवडाभर दमता. मी आणते." आजोबा भारावले. एकदा मित्राला फोनवर सांगत होते, "इंग्लंडला आल्यापासून ही माझी फार काळजी घ्यायला लागलीय." तुमची आई जिन्यावर बसून ऐकत होती. तिने तोंडात ओढणी कोंबली.

गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आरतीला गेलो तेव्हा एक नवीन कुटुंब भेटलं. त्यांची मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आजोबा तिच्या वडिलांकडे सरकायला लागले तसं मी आयोजकांना जाऊन सांगितलं, की ह्यांचा आवाज पहाडी आहे, पण लाजतात. पुढचा तासभर आजोबा माइकसमोर होते. सगळ्या आरत्या म्हणून झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली, आणि ते कुटुंब प्रसाद घेऊन गेलं. येताना गाडीत आजोबा खूश होते. "मला कल्पनाच नव्हती, लोकांना माझा आवाज इतका आवडतो."

पण ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी माझी दाढ दुखायला लागली आणि मी डेंटिस्टकडे गेले. इकडे आजोबांना खोकला झाला. त्या आरत्यांनीच बहुतेक घसा धरला होता. मी परत आले तर घरात तुमची आई एकटीच, आणि तिचा चेहरा पांढरा.

"बाबा केमिस्टकडे गेलेत."

"कधी?"

"मघाशीच. मी म्हटलं मी जाते, तर म्हणाले, मला जरा हवा खायचीय. खूप वेळ झाला, आई."

आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहिलो. अर्जावर कोर्स लिहायच्या सगळ्या जागा जिऑलॉजीने भरून झाल्या होत्या. फक्त पाठवायचा होता, आणि सोमवारी शाळेतून जाणार होता. तिने माझा हात धरला होता. इतकी मोठी झाल्यावर तिने रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरला नव्हता.

आजोबा आले. कोट काढला. बाटली टेबलावर ठेवली. चमच्याने मोजून औषध घेतलं, तोंड वाकडं केलं. मग म्हणाले, "केमिस्टचा धाकटा मुलगा फार्मसीला आहे."

"हो का?" मी म्हटलं. माझा अर्धा गाल इंजेक्शनने बधिर होता, त्यामुळे चेहऱ्यावर काही दिसलं नसावं.

"शाळेतून थेट गेला. इथे मेजर-बिजर काही नसतो."

मी औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"तुला माहीत होतं," ते मला म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आणि तुला?"

तुमची आई म्हणाली, "हो, बाबा." मग एका दमात, "बाबा, मी फार्मसी करणार आहे, प्रॉमिस, मला फक्त आधी—"

त्यांनी हात वर केला. "माझ्याशी बोलू नकोस. उद्या रविवार आहे. उद्या मी ताईला सांगतो की तिला चुकीची माहिती होती, आणि सोमवारी आपण अर्ज बदलू."

ती वर गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. हलकेच लावलं.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. आजोबा आधीच उभे होते. मी पोळ्या लाटत होते, आणि तुमची आई जिन्याच्या वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"ताई," त्यांनी सुरुवात केली, "ते मेजरचं—"

"अरे हो, तेच सांगणार होते! मी इथे सगळ्यांना सांगितलं, आमची भाची जिऑलॉजी करून फार्मसीला जाणार. देवळातल्या त्या बाई तर बघतच राहिल्या. म्हणाल्या, आम्हाला कसं नाही सुचलं? मी म्हटलं, आमच्या घरात आधी विचार करतात, मग करतात. आमचा भाऊ लहानपणापासून तसाच. काही न विचारता कधी पाऊल टाकलं नाही त्याने. काय म्हणत होतास तू?"

आजोबांनी तोंड उघडलं. माझं लाटणं थांबलं. ज्या बाईने त्यांना शाळेत नेऊन सोडलं, जिच्यासमोर त्यांनी पन्नाशीपर्यंत एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं, त्या बाईला त्यांनी आता सांगायचं होतं की तू चुकलीस, आणि देवळात सगळ्यांसमोर चुकलीस.

"ताई," ते म्हणाले, "तिकडे थंडी पडली का?"

"पडली की! तुझ्या घशाला काय झालंय?"

मग ते दोघं बराच वेळ थंडीबद्दल बोलले, आणि हळदीच्या दुधाबद्दल. फोन ठेवल्यावर आजोबा खुर्चीत बसले. फोनच्या शेजारच्या खुर्चीत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. जिन्याकडे न बघता म्हणाले, "दगडांच्या कोर्सला कुठे कुठे अर्ज केलायस?"

"लीड्स," वरून आवाज आला. "आणि अजून काही. पण लीड्स पहिलं आहे, बाबा. तिथे फील्डवर्क खूप असतं, आणि तिथून डेल्सचे डोंगर जवळ आहेत, आणि तिथे चुनखडीचे इतके मोठे थर आहेत की—"

ती बोलत बोलत पायऱ्या उतरली, बोलत बोलत पोळ्यांच्या डब्यापर्यंत आली, आणि बोलत बोलतच दोन पोळ्या नुसत्या तुपाशी खाल्ल्या. आजोबा ऐकत होते. मला वाटतं, रेडिओ लागलाय हे त्या दिवशी त्यांच्याही लक्षात आलं. पण त्यांनी तसं कबूल कधीच केलं नाही. अजूनही म्हणतात, "ताईला वाईट वाटलं असतं म्हणून मी."

पुढच्या सप्टेंबरमध्ये आम्ही तिला लीड्सला सोडायला गेलो. हॉस्टेलच्या जिन्यावरून आजोबा तिची बॅग वर नेत होते. शेजारच्या खोलीतल्या मुलीचे वडीलही तसेच बॅगा वाहत होते. उंच, लालबुंद चेहऱ्याचे यॉर्कशरचे गृहस्थ. त्यांनी सहज विचारलं, तुमची मुलगी काय शिकणार?

"जिऑलॉजी," आजोबा म्हणाले. "आणि मग फार्मसी."

त्या गृहस्थांनी बॅग खाली ठेवली. "आधी जिऑलॉजी?"

मी पुढे होणार होते, पण आजोबांनी मला बोलूच दिलं नाही. छाती काढून, बँकेतल्या मीटिंगमध्ये काढायचा तो आवाज काढून म्हणाले, "आमच्या घराण्यात फार्मसीच्या आधी जिऑलॉजी करतात."

तुमची आई त्यांच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर आम्ही दोघी जिन्यावरच कोसळलो असतो. त्या गृहस्थांनी क्षणभर विचार केला. आपल्याला ठाऊक नसलेली एखादी पुरातन भारतीय पद्धत असेल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"व्हेरी सेन्सिबल," ते म्हणाले, आणि बॅग उचलून वर गेले.